पाणी यायची वेळ

आमच्या गल्लीतल्या नळाला पाणी कधी येईल ते कुणाला सांगता यायचं नाही. पण येईल तेव्हा आई नळावर हजर पाहिजे, हे पक्कं होतं. त्यामुळे आई कुठं जायचीच नाही. सख्ख्या भावाच्या लग्नात तिनं अक्षता टाकल्या आणि पंगत बसायच्या आधी एस.टी. धरली. "पाणी यायचंय" असं ती म्हणाली की पुढं कुणी आग्रह करायचं नाही, कारण प्रत्येकीच्या घरी तेच होतं. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा मी शाळेतून पळत आले आणि तालुक्यात मुलींत पहिली आले म्हणून सांगितलं. आईच्या डोक्यावर घागर होती आणि कमरेवर कळशी. "थांब जरा, पाणी आलंय," ती म्हणाली. पाणी गेल्यावर मात्र तिनं ओल्या हातानं माझ्या तोंडात साखर घातली आणि गल्लीतल्या दारोदार जाऊन सांगून आली.

आम्ही सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, कोरड्या तालुक्यातले. दादा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात पोती उचलायचे. घरात शिकलेलं कुणी नव्हतं. दादांना सही यायची, आईला तीही नाही. सगळ्या गल्लीला मिळून एक नळ. भांडी रांगेत लावायची आणि भांड्यांपाशी घरातलं कुणीतरी बसवायचं. आमच्याकडून ते काम माझं. माझी निम्मी शाळा मी त्या नळाच्या ओट्यावर केली, मांडीवर पुस्तक आणि पायानं कळशी अडवून धरलेली.

पाणी यायच्या आधी नळ सूं सूं करून हवा सोडायचा. मग पहिलं पाणी यायचं ते चहाच्या रंगाचं. "सोडून द्या गं ते, साफ येऊ दे," असं म्हणणाऱ्या सगळ्या मागच्या नंबरच्या. पुढचीला ते परवडायचं नाही, कारण पाणी कधी जाईल याचाही नेम नव्हता. एका उन्हाळ्यात पुढचा नंबर बरेचदा आमचा लागला आणि माझ्या धाकट्या भावाला कावीळ झाली. तो वाचला. पण शाळेचं वर्ष गेलं, मग गोडी गेली, मग शाळाच सुटली. आज तो गॅरेज चालवतो, चांगलं चालवतो. तरी आमच्या घरात पदवीधर एकटी मी, आणि दोघं असायला काही हरकत नव्हती, असं मला अजून वाटतं.

संडासाचं तर विचारूच नका. नव्हताच. बायका उजाडायच्या आत ओढ्याकडं जायच्या, आणि दिवसा पोटात कळ आली तर दिवस मावळेपर्यंत दाबून ठेवायच्या. माझ्या पहिल्या पगारांतून मी घरामागं संडास बांधला. आईनं त्याला कुलूप घातलं. पाहुणे आले की उघडायची. "एवढा चांगला बांधलाय, रोज वापरून घाण करायचा का?" हे तिचं म्हणणं. तिला आत पाठवेपर्यंत दिवाळी येऊन गेली.

मधलं राहिलं. मी सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल केलं. हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. आमच्या गल्लीतून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तिथं एका तासाला सरांनी पाण्याच्या पाइपची एक साधी गोष्ट सांगितली. पाइप भरलेला असला की आतला दाब बाहेरच्या घाणीला आत येऊ देत नाही. पाणी बंद केलं की पाइप रिकामा होतो आणि जिथं जोड सैल असेल तिथनं गटाराचं पाणी आत ओढून घेतो. पुन्हा पाणी सोडलं की तेच आधी नळाला येतं. बाकावर बसल्याबसल्या मला भावाचे पिवळे डोळे आठवले. म्हणजे हे मला चांगलं माहीत होतं. पुढची गंमत घडली ती हे माहीत असताना.

२००१ मध्ये लग्न होऊन मी अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आले. नवरा नागपूरचा, आयटीतला. इथं मी पुन्हा शिकले, मास्टर्स केलं, आणि आजूबाजूच्या गावांच्या पाणीपुरवठ्याची डिझाइन करणाऱ्या ऑफिसात लागले. दोन्ही सर्टिफिकेटं फ्रेम करून हॉलमध्ये लावली.

"तुझ्या डिग्र्या आणि गणपती एकाच भिंतीवर," नवरा म्हणायचा. "सकाळी आधी कोणाला नमस्कार करू, ते सांगून ठेव."

"गणपतीला कॉलेजची फी भरायची नव्हती," मी म्हणायचे. "आधी मला कर."

इथल्या आमच्या महाराष्ट्र मंडळातले सगळ्यात जुने म्हणजे काका आणि काकू. काका मूळचे दादरचे, भूल देणारे डॉक्टर. आम्ही जन्मलो त्या सुमाराला इथं आलेले आणि आता रिटायर झालेले. ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांच्याबरोबर बरीच वर्षं काम केलेली एक नर्स होती, आफ्रिकेतल्या मलावी देशाची. काका तिला सिस्टर म्हणत, म्हणून आम्हीही सिस्टरच म्हणायला लागलो. उंच, सावकाश बोलणारी, हसली की खांदे हलणारी. मंडळाच्या गणपतीला ती काकांबरोबर आली, मोदक आवडले म्हणून पुन्हा मागून घेतले, आणि तिथंच काकांनी मला हाक मारली.

"तू पाण्याची इंजिनिअर ना? मग बस इथं. हिचं ऐक."

तिच्या गावाची हकिगत सरळ होती. गाव डोंगराच्या पायथ्याशी. डोंगरावर एक झरा, बारमाही, स्वच्छ. पण बायका पाणी आणायच्या ते गावाच्या खालच्या ओहोळाचं, कारण झरा चढणीवर आणि आडवाटेला. पावसाळ्यात गावातली सगळी घाण त्याच ओहोळात उतरायची, आणि मग कॉलरा. सिस्टरची आई त्या गावात राहायची, एकटी, गुडघे गेलेली. लेकीकडं अमेरिकेला यायला तयार नव्हती.

"माझा थोरला भाऊ तिथं मास्तर आहे," सिस्टर म्हणाली. "गावानं कमिटी केली आहे. खोदायला सगळे तयार आहेत. पाइप, सिमेंट आणि डोकं, एवढं कमी पडतंय."

"डोकं ही देईल," काका माझ्याकडे बोट करून म्हणाले. "बाकीचं आम्ही वडे तळून बघतो."

तसंच झालं. दर कार्यक्रमाला आमचा वड्यांचा स्टॉल लागू लागला. सिस्टरच्या चर्चनंही मदत उभी केली. मास्तरांनी ऐन कोरड्या दिवसांत झऱ्याचं पाणी किती भरतं ते मोजून कळवलं. मी शनिवार-रविवार बसून ड्रॉइंग काढायला लागले. ऑफिसात मी घरात आधीच शॉवर असलेल्यांसाठी पाइप टाकायचे, पण या ड्रॉइंगला बसले की मला चहा प्यायचंसुद्धा भान राहायचं नाही.

बैठका काकांच्या बेसमेंटमध्ये व्हायच्या. टेबल टेनिसच्या टेबलावर ड्रॉइंग पसरायचं, चार कोपऱ्यांवर पोह्यांच्या बश्या ठेवायच्या. सिस्टर येताना मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं त्यांचं रोजचं जेवण घेऊन यायची. काकूंनी पहिल्याच दिवशी ते चाखलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर उकड. याला पिठलं पाहिजे." पुढच्या वेळेपासून पिठलं ठरलेलं. सिस्टर ते बोटांनी इतकं नीट खायची की काकू आमच्या मुलांना दाखवायच्या, "बघा, जेवतात कसं ते."

संडासांवरून एक अख्खी दुपार गेली. प्रत्येक घरामागं खड्डा, त्यावर सिमेंटची लादी, झाकण आणि आडोसा, असं मी काढलं होतं. काकूंनी चष्मा लावून पाहिलं.

"आणि आत पाणी कुठाय?"

"आत पाणी लागत नाही, काकू. खड्ड्याचा आहे."

"अगं, खड्ड्याला नाही. माणसाला." त्यांनी सिस्टरकडं वळून इंग्रजीत विचारलं, "पाण्याशिवाय काय करता?"

सिस्टरनं सांगितलं. पानं, कागद, मिळेल ते. काकूंनी चष्मा काढून ठेवला. इतकी वर्षं अमेरिकेत राहूनही त्यांच्या बाथरूममध्ये प्लास्टिकचा मग असायचा, शिकागोच्या देशी बाजारातून, डेव्हन ॲव्हेन्यूवरून खास आणलेला. शेवटी आत काय करायचं ते ज्याचं त्यानं बघावं, पण बाहेर हात धुवायला पाणी आणि साबण असलाच पाहिजे, यावर दोघींचं एकमत झालं. आतून कडी हवी, ही सूचना माझी. आमच्या ओढ्याकाठी कडी नव्हती, म्हणून मला ती सगळ्यात आधी सुचली.

मग आला तो शनिवार. नळांच्या जागा ठरल्या होत्या, टाकीची जागा ठरली होती. सिस्टर पोह्यांची बशी घेऊन शेजारी बसली होती.

"टायमिंग काय धरलंयस?" नवऱ्यानं विचारलं.

"सकाळी सहा ते आठ. संध्याकाळी एक तास."

"सहा म्हणजे उशीर," काकू म्हणाल्या. "बायकांना पुढं स्वयंपाक असतो. दादरला आमच्याकडे साडेचारला यायचं. पाचला सगळं भरून मोकळं."

"साडेचारला नाही, पाचला यायचं," काका म्हणाले.

"तुम्ही कधी उठला होतात?"

काका पोहे खायला लागले.

"नागपुरात तर यार, उन्हाळ्यात कधीही," नवरा म्हणाला. "आजी नळाखाली रिकामी बादली ठेवून झोपायची. बादली वाजली की सगळं घर उठायचं. आम्हाला अलार्म कधी लागलाच नाही."

"आमच्या पेठेत सहा म्हणजे सहा," मंडळाची खजिनदार म्हणाली. ती पुण्याची.

"हो, तुमच्याकडचं पाणी कपडे बदलून यायचं," नवरा म्हणाला.

पाऊण तास हे चाललं. प्रत्येकाला आपापला नळ आठवला. कोणाचा चाळीच्या मोरीतला, कोणाचा अंगणातला. मीही आमच्या नळाचा सूं सूं आवाज काढून दाखवला आणि सगळे हसले. शेवटी साडेपाच ते साडेसात यावर तोड निघाली आणि मी ड्रॉइंगवर तसं लिहिणार, तेवढ्यात सिस्टरनं बशी खाली ठेवली. तिच्याशी बोलणं इंग्रजीत व्हायचं, मी ते इथं मराठीत लिहिते आहे.

"मला एक सांगा. बाकीच्या वेळी ते पाणी कुठं जातं?"

"कुठं जातं म्हणजे?" काका म्हणाले. "बंद असतं."

"कोण बंद करतं?"

"व्हॉल्व्ह असतो ना. त्यासाठी एक माणूस ठेवायचा."

"का?"

काकूंनी विचारलं, "पोहे घेतेस अजून?"

नेपरव्हिलमध्ये राहणारी, घरात प्रत्येक नळाला अष्टौप्रहर पाणी असलेली आम्ही एवढी माणसं, त्यातली एक तर पाण्याचीच इंजिनिअर, आणि आम्ही भांडलो ते पाणी किती वाजता यावं यावर. ते जावंच का, हे एकालाही सुचलं नव्हतं. पाणी म्हटलं की ते येतं आणि जातं, हे आमच्या हाडांत बसलेलं.

काकांनी सावरायचा प्रयत्न केला. "हे बघ, सारखं चालू ठेवलं तर वाया जातं. लोक नळ उघडे टाकतात."

"डॉक्टर," सिस्टर म्हणाली, "जिनं आयुष्यभर पाणी डोक्यावरून वाहिलंय, ती नळ उघडा टाकून जाईल?"

मला आई दिसली. ती नेमकी त्याच आठवड्यात सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती आणि वाटीभर उरलेलं पाणीसुद्धा नेऊन दाराबाहेरच्या झुडपाला घालत होती.

मग सिस्टरनं तिच्या आईचं सांगितलं. म्हातारी पाण्याला भर दुपारी जायची. सकाळी ओहोळावर गर्दी, तरण्या बायका चटचट भरून निघायच्या, आणि हिला वेळ लागायचा. आपल्यासाठी कुणी थांबावं हे तिला खपायचं नाही, आणि कुणी भांडं उचलून दिलेलं तर त्याहून नाही. म्हणून उन्हाची, कुणी नसताना जायची. "सकाळी नळाला रांग असली तर ती रांगेत उभी राहणार नाही," सिस्टर म्हणाली. "दुपारी जाईल. नळ बंद असेल. मग आहेच तिचा ओहोळ. तुम्ही एवढं सगळं बांधणार, आणि माझी आई तेच पाणी पिणार."

त्या शनिवारी ड्रॉइंगवर वेळ लिहिली गेली नाही.

रविवारी सिस्टर माझ्या आईला भेटायला आमच्या घरी आली. आईनं तिला मान वर करत पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मला म्हणाली, "उंच आहे गं. वरच्या फळीवरचे डबे काढून घे हिच्याकडनं." मी भाषांतर केलं तेव्हा सिस्टर खरोखर उठली आणि डबे काढून दिले. पुढं ती हात धुवायला बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली ती खांदे हलवत.

"आता कळलं मला," ती म्हणाली. "चल, दाखवते."

मला ठाऊक होतं तिनं काय पाहिलं ते. आई आल्यापासून टबात आंघोळ कोणी करू शकत नव्हतं. आईनं नवऱ्याला डेव्हनला पिटाळून बादल्या आणवल्या होत्या, आणि रोज सकाळी उठल्याबरोबर ती त्या काठोकाठ भरून टबात लावायची. बादल्या संपल्यावर पातेली. पातेली संपल्यावर माझा प्रेशर कुकर. दुसऱ्या दिवशी कालचं पाणी शिळं म्हणून झाडांना, आणि पुन्हा भरणं.

"तिला विचार," सिस्टर म्हणाली, "इथलं पाणी कधी जातं?"

मी विचारलं.

"जात नाही," आई म्हणाली. "पण गेलं म्हणजे?"

सिस्टरनं आईचा हात हातात घेतला आणि दोघी हसत सुटल्या, भाषा नसताना. मग मी आईला सगळं समजावून सांगितलं, म्हातारीचं, दुपारचं, रांगेचं. आई म्हातारीची बाजू घेईल असं मला वाटलं होतं. ती बोलली ते वेगळंच.

"दिवसभर पाणी? मग बायका भेटायच्या कुठं?"

"म्हणजे?"

"अगं, पाण्याची वेळ असली म्हणजे सगळ्या येतात. कुणाची सून कशी, कुणाचं पोर आजारी, सगळं तिथंच कळतं. जो तो आपापल्या वेळेला जायला लागला तर गल्ली मरेल ना."

सिस्टरला मी हे सांगितलं. तिनं थोडा विचार केला. "तुझ्या आईला म्हणावं, आमच्या बायका बोलायला नळाची वाट बघत नाहीत. आणि माझ्या आईला त्या बोलण्याचाच कंटाळा आहे."

"अस्सं," आई म्हणाली. "मग सोड. तिला दुपारी दे पाणी."

सोमवारी ऑफिसची कामं संपवून मी पुन्हा आकडे मांडले. वेळ लावायची गरज का पडत होती, ते माझ्याच ड्रॉइंगमध्ये होतं. टाकी लहान होती. झरा बारीक पण अखंड वाहणारा, रात्रीचं सगळं पाणी टाकीबाहेर सांडून जाणार, आणि दिवसा उन्हं वर यायच्या आत टाकी रिकामी. रात्रीचं पाणी साठवणारी मोठी टाकी बांधली तर दिवसभर पुरलं असतं. पाइपही कायम भरलेला राहिला असता, म्हणजे जोडातून घाण आत यायचा प्रश्न मिटला. सरांनी सांगितलेलं तेच. मी ते मलावीतल्या त्या जिल्ह्याच्या इंजिनिअरला ईमेलनं कळवलं. त्यांचं उत्तर आलं की टाकी बरोबर आहे, फक्त जागा थोडी वर सरकवा, तिथं खडक आहे.

पण मोठी टाकी म्हणजे जास्त सिमेंट, जास्त सळ्या, आणि आमच्या वड्यांचा आणखी एक वर्षाचा हंगाम. बैठकीत मी दोन्ही गोष्टी समोर ठेवल्या. लहान टाकी या वर्षी, ठराविक वेळेला पाणी. मोठी टाकी पुढच्या वर्षी, कधीही पाणी. मध्ये एक पावसाळा जाणार होता, आणि तो कॉलऱ्याचा.

"हे आपण नाही ठरवायचं," काका म्हणाले.

सिस्टरनं भावाला फोन लावला. गावानं सभा घेतली. उत्तर यायला आठवडा लागला. ते सांगताना सिस्टर खुर्चीत न बसता जिन्याच्या पायरीवर बसली.

"थांबायचं म्हणतायत. तोवर चर खणून ठेवतो, संडास बांधून घेतो, लाद्यांचं सिमेंट पाठवा म्हणाले. आईला विचारलं तर म्हणाली, मी एवढी वर्षं थांबले, मला काय घाई आहे." मग म्हणाली, "घाई मला आहे."

तो पावसाळा आम्हा सगळ्यांनाच जड गेला. तो त्यांचा पावसाळा, म्हणजे आमच्याकडे बर्फ. डिसेंबरात आई परत गेली होती. जानेवारीत एका संध्याकाळी काकूंचा फोन आला की सिस्टरच्या आईला जुलाब सुरू झालेत आणि दवाखाना लांब आहे. मी आणि नवरा गाडीवरचा बर्फ खरवडून काकांकडे गेलो. सिस्टर स्वयंपाकघरात फोन धरून उभी होती आणि भावाला त्यांच्या भाषेत एकच वाक्य पुन्हापुन्हा सांगत होती. नंतर कळलं, उकळलेल्या पाण्यात साखर-मीठ घालून चमच्या-चमच्यानं द्या, थांबू नका, असं ती सांगत होती. काका तिच्या शेजारी उभे होते. थिएटरमध्ये उभे राहत तसेच असावेत, हात मागं बांधून. काकूंनी वरण-भात केला, तो कुणी खाल्ला नाही. लहान टाकी बांधली असती तर, हे माझ्या डोक्यात होतं. सिस्टरनं ते ओळखलं असावं.

"तुझी लहान टाकी असती तरी ती ओहोळावरच गेली असती," फोन ठेवून ती म्हणाली. "हट्टी आहे. डॉक्टरांसारखी."

म्हातारी वाचली. बिछान्यातून उठल्यावर पहिलं काम तिनं काय केलं, तर नवीन संडासाच्या दाराची कडी नीट बसत नाही म्हणून मास्तरांना बोलावून घेतलं. हे ऐकून मी घरी येऊन आईला फोन केला. आईला फार बरं वाटलं. "वापरते ना? कुलूप नाही लावलं?" तिनं विचारलं.

पुढच्या वर्षी आम्ही इतके वडे तळले की नवरा म्हणाला, मला आता कपाळावर टिळा लावला तरी बेसनाचा वास येईल. मोठी टाकी झाली. चर गावानं खणले, पाइप गावानं टाकले, जोड जिल्ह्याच्या इंजिनिअरनी स्वतः उभं राहून तपासले. माझ्या ड्रॉइंगमधल्या दोन चुका त्यांनी सुधारल्या आणि तसं मला कळवलं. मी ते दोन्ही ईमेल ठेवले आहेत. प्रत्येक नळ बघायला तिथल्याच बायकांतली एक नेमली. नळ उघडा टाकल्याची एकही तक्रार त्यांनी कधी कळवली नाही.

सिस्टर रजा काढून गावी जाऊन आली आणि फोटो धुऊन आणले. बेसमेंटमध्ये तेच टेबल, त्याच बश्या. काकू एकेक फोटो चष्म्याजवळ नेऊन पाहत होत्या. सगळ्यांचे फोटो होते, टाकीचे, नाचाचे, मास्तरांचे. सिस्टरनं एक वेगळा काढून माझ्या हातात दिला. भर दुपार, सावली पायाखाली. नळाखाली एक पिवळी बादली आणि शेजारी एक वाकलेली, उंच म्हातारी, कॅमेऱ्याकडं न बघणारी. आजूबाजूला चिटपाखरू नाही.

"मी हाक मारली तर म्हणाली, मधे येऊ नको, माझं चाललंय," सिस्टर म्हणाली.

त्या फोटोची एक प्रत मी आईला पाठवली. आईनं ती भावाच्या गॅरेजमध्ये नेऊन सगळ्यांना दाखवली आणि मग मला फोन केला.

"फोटो चुकलाय गं. नळ चालू आहे आणि रांग कुठाय?"

"रांग नाही, आई."

"मग बाकीच्या कधी भरणार?"

"त्यांना पाहिजे तेव्हा."

मागं आमच्या नळाला पाणी आल्याचा गलका ऐकू येत होता, भांड्यांचा, बायकांचा. पण तिनं फोन ठेवला नाही.

"चांगलं केलंस," ती म्हणाली.

त्या गावात आता टाकी भरलेली असते आणि पाइप भरलेला असतो. नळ उघडला की पाणी येतं, दिवसा केव्हाही. घरामागं संडास आहेत, त्यांना आतून कडी आहे. त्यानंतरचा पावसाळा आला आणि गेला, गावात कॉलरा झाला नाही. सिस्टरची आई दुपारी पाण्याला जाते आणि चांगलं पाणी घेऊन येते.